जाबोटिकाबा घरी लावायचंय? आधी पाणी तपासा

बुंध्यापासून फांद्यांपर्यंत काळीभोर फळं चिकटलेल्या झाडाचा फोटो व्हॉट्सॲपवर कधी ना कधी आलाच असेल. फोटो खरा आहे. ते जाबोटिकाबाचं झाड. मूळचं आग्नेय ब्राझीलचं, मिनास जेराइस आणि साओ पावलो या राज्यांकडचं. कुळ आपल्या ओळखीचं: जांभूळ, पेरू, जांब, लवंग ही सगळी याची भावंडं. फळ बोराएवढं, काही जातींत लहान लिंबाएवढं. साल जाड, जांभळट काळी. आत पांढरा, रसाळ, अर्धपारदर्शक गर आणि एक ते चार बिया. चव द्राक्ष आणि लिचीच्या मधली, सालीत जांभळाचा तुरटपणा.

एवढं चांगलं फळ बाजारात का दिसत नाही, याला साधं कारण आहे. तोडल्यावर तीन-चार दिवसांत ते आंबायला लागतं. ब्राझीलमध्येसुद्धा लोक फळाची वाट बघण्यापेक्षा झाडापाशी जातात. मिनास जेराइसमधल्या साबारा गावात दरवर्षी जाबोटिकाबाचा महोत्सव भरतो, आणि हंगामापुरतं कुणाच्या तरी परसातलं झाड भाड्यानं घेऊन त्याखाली मनसोक्त खायची पद्धतही तिथे आहे. पुण्या-मुंबईत बसून हे फळ ताजं खायचं तर झाड आपल्याच दारात हवं.

गेल्या काही वर्षांत केरळमधून आणि कोकणातल्या नर्सऱ्यांमधून रोपं मिळू लागली, हौशी लोकांनी गच्चीवर लावली, आणि त्यातली बरीचशी वर्षभरात पिवळी पडली. लोक दोष हवामानाला देतात. माझं मत वेगळं आहे. महाराष्ट्रातला बहुतेक भाग या झाडाला चालतो, महाराष्ट्रातलं बहुतेक पाणी चालत नाही. म्हणून या लेखात रोप विकत घेण्याच्या आधी पाण्याचा आणि मातीचा विचार आहे. तो नीट केलात तर पुढचं काम अवघड नाही, फक्त सावकाश आहे.

पहिलं काम: पाणी आणि माती

जाबोटिकाबाला आम्लधर्मी माती लागते. सामू, म्हणजे पीएच (७ च्या खाली आम्ल, वर अल्क), साधारण ५.५ ते ६.५ असावा. सामू ७ च्या वर गेला की मातीत लोह असूनही ते मुळांना उचलता येत नाही, आणि कोवळी पानं पिवळी पडायला लागतात. सातारा, सोलापूर, नगर, मराठवाडा, विदर्भ इथली काळी माती बहुतेक ठिकाणी ७.५ ते ८.५ सामूची आणि चुनखडीची असते. कोकण, गोवा आणि सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्याची लाल माती मुळातच आम्लधर्मी आहे. कोकणातल्या माणसाला हे झाड सोपं जातं ते त्यामुळे, नुसत्या दमट हवेमुळे नाही.

कुंडीत लावणाऱ्याला वाटतं, माती मी विकतची आणणार, मग प्रश्न कुठे? प्रश्न पाण्यात आहे. बोअरचं जड पाणी रोज थोडा थोडा चुना कुंडीत सोडत राहतं. सुरुवातीला उत्तम असलेली माती वर्षा-दीड वर्षात अल्कधर्मी होते, आणि माणूस खतं बदलत बसतो.

तपासणी घरच्या घरी होते.

नळाच्या तोटीवर, बादलीच्या कडेला, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो का ते बघा. बसत असेल तर पाणी जड आहे. सामू मोजायच्या पट्ट्या मत्स्यालयाच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळतात, त्या आणून ठेवा.

मातीसाठी एक भाग माती आणि दोन भाग बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर एका काचेच्या ग्लासात ढवळा, अर्धा तास निवळू द्या, वरच्या पाण्यात पट्टी बुडवा. याहून सोपी परीक्षा म्हणजे सुकलेल्या ढेकळावर चमचाभर व्हिनेगर टाकणं. फसफसलं तर मातीत चुनखडी आहे. ती माती जाबोटिकाबाला वापरू नका, कितीही सुपीक दिसो. अचूक आकडा हवा असेल तर जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात माती आणि पाणी दोन्ही तपासून मिळतं.

आता कोणतं पाणी घालायचं ते.

मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचं पाणी मिळतं, ते बऱ्यापैकी मऊ आहे, सरळ घाला. पुण्यात महापालिकेचं धरणाचं पाणी चालतं, टँकर आणि बोअरचं बघून घ्यावं लागतं. सोसायटीत वॉटर सॉफ्टनर बसवलेला असेल तर त्याचं पाणी झाडाला नकोच. तो चुना काढून त्या जागी सोडियम घालतो. अंघोळीला साबणाचा फेस चांगला होतो, झाडाची मुळं मात्र क्षारात बसतात. आरओच्या मशीनमधून बाहेर फेकलं जाणारं पाणीही असंच. 'वाया जाण्यापेक्षा झाडांना घालू' हा विचार स्तुत्य आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार आटून जास्त दाट झालेले असतात. ते फरशी पुसायला वापरा.

सर्वांत उत्तम पावसाचं पाणी. एका मोठ्या कुंडीला ऐन उन्हाळ्यात दिवसाला सरासरी तीन लिटर धरलं तर मार्च ते मे मिळून पावणेतीनशे लिटरच्या आसपास लागतं. २०० लिटरचे दोन ड्रम गच्चीच्या पन्हाळीखाली भरून, तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधून ठेवले की एका झाडाचा उन्हाळा निघतो. एसीच्या नळीतून गळणारं पाणीही क्षारांशिवायचं असतं, आणि मुंबईच्या दमट हवेत ते रात्रभरात बादलीभर जमतं. फुकट मिळणारं इतकं चांगलं पाणी आपण भिंतीवरून वाहू देतो.

यातलं काहीच जमण्यासारखं नसेल तर बोअरचं पाणी आम्ल करून घ्या. किराणा दुकानात सायट्रिक ॲसिड मिळतं, म्हणजे आपलं लिंबूसत्व. दहा लिटरच्या बादलीत पाव चमचा टाकून ढवळा, पट्टी लावून बघा, सामू ६ च्या आसपास येईपर्यंत पाव-पाव चमचा वाढवा. एकदा प्रमाण कळलं की दर वेळी मोजायची गरज नाही. पावसाळ्यानंतर आणि भर उन्हाळ्यात मात्र पुन्हा तपासा, बोअरचं पाणी ऋतूप्रमाणे बदलतं. या उपायानं चुना आटोक्यात येतो, पण पाणीच खारट असेल तर मीठ तसंच राहतं. खाऱ्या बोअरवर हे झाड लावू नये, सरळ चिकू लावावा.

कोणती जात घ्यायची

आपल्याकडच्या नर्सऱ्यांत प्रामुख्यानं दोन मिळतात. एक साबारा, ब्राझीलमधली सर्वांत नावाजलेली. फळ लहान, गोडी अप्रतिम, पण बियांपासून केलेलं रोप आठ ते पंधरा वर्षं फळ देत नाही. दुसरी लाल संकरित, जिला नर्सरीवाले 'रेड हायब्रीड' म्हणतात. ही तिसऱ्या ते पाचव्या वर्षी फळायला लागते, कुंडीत मावते, आणि वर्षातून अनेकदा बहरते. फळाचा रंग गडद लाल, चव साबाराहून किंचित आंबटसर.

नातवासाठी साबारा लावा, स्वतःसाठी लाल संकरित. जागा असेल तर दोन्ही. गच्चीवर एकच कुंडी ठेवायची असेल तर विचार करायचं कारणच नाही, लाल संकरित घ्या. मोठ्या फळाची ग्रिमल आणि पिकल्यावरही हिरवी राहणारी 'पांढरी' अशा आणखी जातींची नावं ऐकू येतील. त्या संग्राहकांच्या, पहिल्या झाडासाठी नव्हेत.

रोप निवडताना

'कलमी आहे, पुढच्या वर्षी फळ' असं सांगणाऱ्यापासून जरा सावध राहा. जाबोटिकाबाचं कलम होतं आणि त्याला फळही लवकर धरतं, पण ते बांधणं कटकटीचं असतं, म्हणून विकली जाणारी बरीच रोपं बियांचीच असतात. त्यात वाईट काही नाही. याच्या एका बीतून अनेकदा एकाहून जास्त अंकुर फुटतात आणि त्यातले बहुतेक आईसारखेच निघतात, त्यामुळे आंब्याच्या कोयीसारखा 'काय निघेल देव जाणे' असा प्रकार इथे फारसा होत नाही. फक्त बियांच्या रोपाला कलमाची किंमत देऊ नका. कलमाचा जोड खोडावर स्पष्ट दिसतो, तो दाखवायला सांगा.

रोप बघताना पानं समोरासमोर, लांबट, टोकाला निमुळती आहेत ना, आणि नवी पालवी गुलाबी-तांबूस आहे ना, ते पाहा. जुन्या रोपाच्या खोडाची साल पेरूसारखी पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि खाली फिकट डाग दिसतात. टोकाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर ते रोप नर्सरीतच लोहाच्या कमतरतेनं आजारलेलं आहे, दुसरं मागा. उंच, काटकुळ्या रोपापेक्षा बुटकं आणि बुंध्यापासून फांद्या फुटलेलं रोप चांगलं. फळं पुढे त्याच फांद्यांवर यायची आहेत.

बियांपासून सुरुवात करायची असेल तर फळ खाल्लं त्याच दिवशी बी पेरावी. धुऊन गर काढा, उन्हात वाळवू नका. भाज्यांच्या बियांसारखी ती पाकिटात साठवता येत नाही, सुकली की मेली. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पानांच्या खताच्या ओलसर मिश्रणात एक-दीड सेंटिमीटर खोल पेरा. उगवायला तीन ते सहा आठवडे लागतात. ऑनलाइन विकली जाणारी 'सुकी बी' म्हणजे पैसे पाण्यात.

परदेशातल्या नातेवाइकांनी बॅगेतून बी किंवा काडी आणू नये. प्लांट क्वारंटाइन आदेश, २००३ प्रमाणे लागवडीचं साहित्य आणायला परवाना आणि त्या देशाचा रोगमुक्ततेचा दाखला लागतो. हा नुसता कागदी नियम नाही. या कुळावर पडणारा एक तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग, असाच देशोदेशी फिरला आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

कुंडी आणि मिश्रण

सिमेंटची कुंडी घेऊ नका. सिमेंटमधून चुना झिरपतो, आणि आपण तर त्याच्याशीच भांडतोय. मातीची कुंडी लवकर सुकते. प्लास्टिकची कुंडी, जाड ग्रो बॅग किंवा निळा ड्रम आडवा कापून केलेलं अर्धं पिंप हे तीन पर्याय बरे. लहान रोपाला एकदम ड्रममध्ये टाकू नये, न वापरलेली माती आंबते. आधी आठ-दहा इंची कुंडी, मुळं खालच्या भोकांतून डोकावली की एक माप मोठी, असं करत लाल संकरित ३०-४० लिटरपर्यंत आणि साबारा ६० लिटरच्या पुढे न्यायची.

मिश्रण असं करा: चार भाग जांभ्याची लाल माती, तीन भाग कोकोपीट, दोन भाग पानांचं कुजलेलं खत, एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत. चिकट वाटलं तर भाताचं तूस किंवा नदीची जाड वाळू मूठ-दोन मूठ घाला. समुद्रकिनाऱ्याची वाळू नको, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, तिच्यातही क्षार असतात. देशावरच्या नर्सरीत 'लाल माती' म्हणून जे मिळतं त्यात कधी कधी चुनखडीचा मुरूम असतो, म्हणून पिशवी फोडली की आधी व्हिनेगरची परीक्षा.

काय घालू नये तेही सांगतो, कारण घरच्या बागेत हात सारखे तिकडेच जातात: अंड्याची टरफलं, चुलीची राख, चुना, हाडांचा चुरा. टोमॅटोला ही सगळी चांगली असतील, जाबोटिकाबाला चारही नकोत. मला तर वाटतं, शहरातल्या कुंड्यांमध्ये अंड्याच्या टरफलांनी जेवढं नुकसान केलंय तेवढं किडींनीही केलं नसेल.

जमिनीत लावायचं असेल तर कोकण आणि गोव्यात दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा पुरतो. निघालेली माती आणि पालापाचोळ्याचं खत मिसळून पुन्हा भरा. दोन झाडांत चार-पाच मीटर अंतर ठेवा, कारण साबारा सावकाश का होईना, मोठा वृक्ष होतो. देशावर काळ्या जमिनीत खड्डा करून लाल माती भरायचा उद्योग करू नका. दोन-चार वर्षांत आजूबाजूचा चुना आत येतोच. तिथे कुंडीच बरी.

लागवड

जूनचे पहिले दोन-तीन पाऊस पडून हवा निवली की लावा. पिशवी कापून मुळांचा गोळा अख्खाच्या अख्खा ठेवा. मुळं मोकळी करू नका, ती बारीक, तंतुमय आणि नाजूक असतात. रोप पिशवीत जेवढ्या खोलीवर होतं तेवढ्याच खोलीवर राहू द्या, बुंधा पुरू नका. वर तीन-चार बोटं जाडीचा पालापाचोळा पसरा, फक्त तो खोडाला चिकटू देऊ नका. या झाडाची बहुतेक मुळं वरच्या थरात असतात, म्हणून एकदा लावल्यावर खुरपं लांब ठेवायचं. तण दिसलं तर हातानं उपटा. आच्छादन कुजून खाली गेलं की वर नवं घाला, एवढीच मशागत.

ऊन आणि पाणी, ऋतूप्रमाणे

पहिली दोन वर्षं सकाळचं ऊन आणि दुपारची सावली. मोठं झाल्यावर कोकणात पूर्ण ऊन चालतं, देशावर आणि विदर्भात मार्च ते मे दरम्यान ५० टक्क्यांची शेडनेट हवीच. याला उन्हापेक्षा गरम कोरडा वारा जास्त लागतो, पानांच्या कडा करपतात. कुंडी भिंतीच्या पूर्वेला, इतर झाडांच्या घोळक्यात ठेवा. गच्चीचा स्लॅब दुपारी तव्यासारखा तापतो, त्यामुळे कुंडी विटांवर उचला आणि बाहेरून गोणपाट गुंडाळा. फ्लॅटच्या बाल्कनीत चार-पाच तास ऊन येत असेल तर फळाची आशा धरा. त्याहून कमी असेल तर झाड जगेल, दिसेल सुंदर, फळ क्वचित देईल.

थंडीची आपल्याला काळजी नाही. हलकं दहिवर हे झाड सोसतं, नाशिक-महाबळेश्वरच्या जानेवारीत मोठ्या झाडाला काही होत नाही.

पाण्याचा नियम एकच: वरचं बोटाचं एक पेर सुकायला लागलं की घाला, पूर्ण सुकू देऊ नका. उन्हाळ्यात गच्चीवर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा लागेल. खालच्या भोकांतून थोडं पाणी वाहून जाईपर्यंत घालायचं, म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतात. कुंडीखाली थाळी ठेवू नका. पावसाळ्यात पाणी तुंबत नाही ना एवढं बघा.

संत्रा किंवा डाळिंबाचा बागायतदार हे वाचत असेल तर त्याच्यासाठी वेगळी सूचना. बहार धरायला आपण पाणी तोडून झाडाला ताण देतो, पानगळ होऊ देतो. इथे ते करू नका. वरवरची मुळं मरतात आणि फांद्या सुकतात. थोडे दिवस पाणी किंचित कमी करून मग भरपूर सोडलं की फुलोरा येतो, हे खरं, पण पानं मलूल होण्याच्या आधी थांबायचं असतं.

सुट्टीला गावी गेलात आणि झाड वाळलं, तर लगेच उपटू नका. नखानं साल किंचित खरवडा. आत हिरवं असेल तर सावलीत ठेवा, माती ओलसर राखा, महिना-दोन महिने वाट बघा. छाटणी, खत, औषध काही नको. पुष्कळदा बुंध्यातून पुन्हा फुटतं.

खत, आणि पानं वाचायला शिकणं

वाढ सावकाश आहे, भूकही कमी. दर दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत आणि थोडी निंबोळी पेंड आच्छादनाखाली सरकवली की बस. जोर हवा असेल तर पावसाळ्यात चिमूट-दोन चिमूट अमोनियम सल्फेट पाण्यात विरघळवून द्या. ते आम्लता राखायलाही मदत करतं. सुक्या मातीत आणि मे महिन्यात कोणतंच खत देऊ नये.

बाकी सगळं पानं सांगतात. खालची जुनी पानं सगळीकडून फिकट झाली तर नत्र कमी पडतंय. टोकं आणि कडा तपकिरी झाल्या तर क्षार, कोरडा वारा किंवा पाण्याचा खंड. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह, आणि देशावर दहातल्या आठ तक्रारी हीच असते असं समजा.

लोहासाठी लोक हिराकस म्हणजे फेरस सल्फेट टाकतात. अल्कधर्मी मातीत ते काही दिवसांतच बांधलं जातं आणि झाड पुन्हा उपाशी. कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह, म्हणजे मातीत बांधलं जाऊ नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं लोह, आणा, पण पुडीवर काय लिहिलंय ते वाचा. ईडीटीए प्रकारचं लोह सामू साडेसहाच्या वर गेला की कुचकामी होतं. ईडीडीएचए प्रकारचं महाग असतं, मात्र चुनखडीच्या मातीतही टिकतं. पुडीवरच्या प्रमाणात, संध्याकाळी, ओल्या मातीत द्या. नवी पालवी हिरवी आली की काम झालं, जुनी पिवळी पानं हिरवी होतीलच असं नाही. आणि हा तात्पुरता इलाज आहे. पाणी तेच राहिलं तर पुढच्या वर्षी पुन्हा पुडी.

कीड फारशी पडत नाही. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली की पिठ्या ढेकूण शोधा. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्यानं पुन्हा.

वाट बघायची वर्षं

पहिल्या एक-दोन वर्षांत रोप वर्षाला वीतभर वाढलं तरी समाधानी राहा. शेजारचा शेवगा तोवर दुसऱ्या मजल्यावर पोचलेला असतो, तिकडे बघू नका. खोड अंगठ्याहून जाड होईपर्यंत फुलाची अपेक्षा नको.

या काळात छाटणी जवळपास शून्य. एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत गुंता करणाऱ्या बारीक काड्या तेवढ्या काढा, म्हणजे मधल्या फांद्यांवर उजेड पडेल आणि मधमाश्यांना आत जाता येईल. खालच्या फांद्या छाटून एकच सोट खोड करायचा मोह आवरा. अजून एक: बागेतल्या झाडांना गेरू-चुना किंवा बोर्डो पेस्ट फासायची आपली सवय आहे. या झाडाच्या खोडाला काहीही लावू नका, कारण फुलं त्याच सालीतून येणार आहेत.

आधी खोडावर बारीक टपोऱ्या कळ्या दिसतात, मग पांढरी, केसाळ फुलं. उंबर आणि फणसाची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांनाही दृश्य नवंच वाटतं, कारण इथे अख्खा बुंधा पांढरा होतो. एकाच झाडाच्या परागानं फळ धरतं, जोडीदार लागत नाही. पहिला बहर बराचसा गळतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. फुलापासून फळ पिकेपर्यंत उष्ण हवेत तीन-चार आठवडे, थंडीत त्याहून जास्त. या आठवड्यांत पाण्याचा एकही खंड पडता कामा नये. पडला तर फळं आहेत तिथेच आकसतात, आणि मग एकदम पाणी दिलं की तडकतात.

बुलबुल, खारी, वटवाघळं तुमच्या आधी पोचणार. फळं खोडालाच असल्यामुळे बंदोबस्त सोपा: मच्छरदाणीचं कापड फांदीभोवती सैल गुंडाळून बांधायचं. फळमाशीलाही त्यानं आळा बसतो. माकडांवर मात्र याचा उपयोग नाही. कोकणातल्या वाचकांना ते वेगळं सांगायला नको.

परदेशातल्या मराठी घरांसाठी थोडं

दक्षिण फ्लोरिडात मयामीच्या बाजूला जमीन चुनखडीच्या दगडाची आहे, म्हणजे सोलापूरचीच अडचण. तिथेही कुंडी आणि ईडीडीएचए. टेक्सासच्या उत्तर भागात राहत असाल तर कडक गोठणाच्या रात्री कुंडी गॅरेजमध्ये घ्या. ऑस्ट्रेलियात २०१० पासून मिर्टल रस्ट हा तांबेरा पसरलेला आहे. नव्या पालवीवर आणि फळांवर पिवळी धमक भुकटी दिसली तर तोच. तो भाग काढून पिशवीत बंद करा, आणि दोन राज्यांमध्ये रोपं नेण्याचे तिथले नियम आधी बघा.

तोडणी आणि नंतर

फळ तोडल्यावर पिकत नाही. पूर्ण काळं किंवा जातीप्रमाणे गडद लाल होऊन, दाबल्यावर किंचित मऊ लागेपर्यंत झाडावरच ठेवा. चमक असलेलं पण टणक फळ अजून आंबट असतं. देठ जवळपास नसतोच, हलकं पिरगाळलं की सुटतं. ओढू नका, सोबत साल सोलून येते आणि पुढच्या बहराची जागा जाते.

खायची रीत: दातांत धरून दाबायचं, गर तोंडात, साल बाहेर. साल खाता येते, पण तिच्यात टॅनिन भरपूर. उत्साहानं वाटीभर सालींसकट खाल्लीत तर पोट दोन दिवस संप करेल.

जास्त फळं एकदम आली तर त्याच दिवशी निर्णय घ्या. फ्रीजमध्ये थोडे दिवस वाढतात, फ्रीझरमध्ये अख्खी फळं ठेवून नंतर सरबत करता येतं. जेली करायची तर धुतलेली फळं जेमतेम बुडतील एवढ्या पाण्यात साली फुटेपर्यंत उकळा आणि पातळ कापडातून गाळा. कापड पिळू नका, रस गढूळ होतो. रसाच्या मापाला पाऊण माप साखर आणि एका लिंबाचा रस घालून मंद आचेवर आटवा. थेंब थंड बशीत टाकून वाकडी केल्यावर ओघळला नाही की गॅस बंद. रंग इतका देखणा येतो की बाजारच्या जॅमची बाटली शेजारी ठेवायला लाज वाटेल. गाळणीत उरलेल्या साली गुळाबरोबर शिजवून वाटल्या की पोळीशी लावायला चटपटीत लेप होतो, त्यात किंचित सुंठ घाला. आधी बिया मात्र वेचून काढा, त्या वाटल्या गेल्या तर सगळं कडवट होतं.